वासाचं तेल

गेल्या महिन्यात भाच्याचा, म्हणजे दादाच्या धाकट्या मुलाचा फोन आला. त्याआधी मोबाईलवर त्यानं मोठ्या हौसेनं फोटो पाठवले होते. आमच्या वस्तीवरच्या रानात, बियाण्याच्या कांद्याच्या बांधाला लाकडी पेट्या मांडलेल्या आणि पेट्यांभोवती माश्यांचे ठिपके. "आत्या, माश्यांच्या पेट्या भाड्यानं आनल्यात. माशी लागल्याबिगर बी भरत न्हाई. फुलाच्या वासावर येती माशी, लई मोठं सायन्स हाय त्यात," तो मला समजावून सांगत होता. मला! मी अख्खी नोकरी नगरच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. फुलांचा रंग व गंध कीटकांना आकर्षित करतात, हे वाक्य फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की झोपेतही हात चालावा. मी "बरं बरं" म्हणून फोन टेबलावर आपटला. सूनबाई म्हणाली, "आई, बीपीची गोळी घेतली का?" गोळीनं उतरणारा राग नव्हता तो. वय झालं की माणूस निवतं म्हणतात. ज्यांना निवायचं त्यांनी खुशाल निवावं. मला हे एकदा लिहून टाकायचं आहे.

आमची वस्ती शिंगणापूरपासून कोसभरावर. तिथला रिवाज तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्याही घरात पाळला होता. घराला चौकट होती, दार नव्हतं. कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लावायची, तेवढीच. बाहेरच्या लोकांना याचं फार कौतुक. मला विचाराल तर बिनदाराच्या घरात एकच मोठी गैरसोय असते, भांडण झालं तरी आपटायला दार नसतं. रागावलेलं माणूस उठून विहिरीवर जाऊन बसायचं. घरातलं काहीच घरात राहायचं नाही. चुलीवर हुलग्याचे शेंगुळे शिजायला लागले की लसणाची फोडणी पार गोठ्यात कळायची, भाकरी थापल्याचा आवाज बांधावर यायचा आणि तात्यांनी तपकीर ओढून दिलेली शिंक शेजारच्या वस्तीवर मोजली जायची. आई येताजाता म्हणायची, "शनिदेव बगतोय." काही लपत नाही अशा घरात आम्ही राहतो, याचा मला केवढा अभिमान होता! आज तो आठवला तरी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचं घर कांद्याच्या बियाण्यासाठी नावाजलेलं. निवडक कांदे थंडीच्या तोंडाला पुन्हा जमिनीत लावायचे, मग त्यांना कमरेइतके पोकळ दांडे फुटतात, ते डोंगळे. डोंगळ्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोल गोंडा येतो आणि त्यात काळं बी भरतं. पण माशी बसली तरच. उन्हं जरा तापली की गोंड्यांना वास सुटायचा. लोकांना वाटतं कांद्याच्या फुलाला कांद्याचा वास येत असेल. तोही येतो, पण त्याच्यावर मधाचा गोड वास असतो, पातळ गुळवण्यासारखा. तात्यांचं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलेलं, त्यांना यातलं काही कळायचं नाही. ते कानानं शेती करायचे. सकाळी नवाच्या सुमाराला बांधावर उभे राहायचे, डोळे मिटून गुंजारव ऐकायचे आणि म्हणायचे, "रान बोलतंय." तो आवाज भरीव असला की बियाण्याला आलेल्या माणसाला होकार द्यायचा, नाहीतर चहा पाजून परत पाठवायचा. त्यांचा नियम एकच होता. गोंडा फुटला की औषधाच्या पंपाला हात लावायचा नाही. औषध! विषाला औषध म्हणायची आमची जुनी खोड आहे, अजून गेलेली नाही.

दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली ती भिंगारची. तिचे वडील लष्करातल्या साहेबांच्या बंगल्यांवर बागकामाला होते. मी तेरा वर्षांची, ती एकोणीसची. तिनं सोबत एक बाटली आणली होती. बंगल्यातल्या मोगऱ्याच्या गळून पडलेल्या कळ्या वेचायच्या, खोबरेल तेलात घालून उन्हात मुरवायच्या, गाळायच्या, पुन्हा नव्या घालायच्या. असं तिनं स्वतः केलेलं वासाचं तेल. दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपली की ती विहिरीवर न्हायची आणि विहिरीलगतच्या वाफ्यांच्या कडेला केस वाळवत बसायची. तो वास चौकटीतून सरळ घरात यायचा. आईला तो पहिल्या दिवसापासून खुपला. "शेतकऱ्याची सून का नाटकातली बाई?" असं ती मला ऐकवायची, म्हणजे वहिनीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दार नव्हतंच आडवं. वहिनी एकदाही उलटून बोलली नाही. तेल लावायचं मात्र तिनं सोडलं नाही, आणि म्हणूनच ती मला आवडायची.

मी जे विज्ञान पुढं जन्मभर शिकवलं, ते मी त्या विहिरीवर शिकले. वहिनी मला नावानं हाक मारायची नाही, वन्सं म्हणायची, मी वयानं एवढी लहान असूनही. "वन्सं, फूल उगाच वास सोडत नाही," ती म्हणायची. "ज्याच्याशी काम असतं त्यालाच हाक मारतं. रातराणी दिवसभर गप्प असते बघा. तिचे पाहुणे म्हणजे पतंग, ते अंधार पडल्याशिवाय निघत नाहीत. मग दिवसा वास दवडून तिनं काय करायचं? तुमचा गोंडा उन्हाचा. त्याला माशी हवी." एकदा तिनं गोंड्यावरची माशी मला जवळून दाखवली. "ही आता घरी जाईल ती ह्या वासानं माखून. पोळ्यातल्या बाकीच्या तिचं अंग हुंगतील आणि त्याच वासाच्या मागावर निघतील. कुठं जाऊन आलीस, हे तिला सांगावं लागत नाही. अंगाचा वासच सांगतो." हे तिला कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाली, "बाबांनी. ते तास तास बसून बघतात." पुढं बी.एड. करताना जाड पुस्तकात हेच वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्या वर्षी गोंडे ऐन भरात असताना तात्या पाथर्डीकडं बहिणीच्या घरच्या लग्नाला गेले, तीन दिवसांसाठी. नेमकी तेव्हाच गोंड्यांवर बारीक कीड दिसली. दादा दुकानदाराकडून औषधाची बाटली घेऊन आला. वहिनी त्याला म्हणाली, मी तिथंच भाकरी खात होते, "आता नका मारू. मामंजींना येऊ द्या. अन् मारायचंच तर निदान संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. सकाळी गोंडा त्यांना बोलावतो आणि आपण तिथं विष ठेवायचं?" ती काही चुकीचं बोलली नव्हती. पण बायकोकडून, त्यातही भिंगारच्या, शेती शिकायची म्हणजे दादाचं नाक कापलं गेलं असतं. "साहेबाच्या बंगल्यातली बाग न्हाई ही," तो म्हणाला. तिनं सांगितलं म्हणूनच त्यानं सकाळ निवडली, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी आई आणि वहिनी शेजारच्या वस्तीवर पापड लाटायला गेल्या तशी त्यानं पाठीवर पंप घेतला आणि मला पाणी वाहायला लावलं.

मी विहिरीवरून घागरी आणत होते. बाटलीचं बूच उघडल्याबरोबर सडक्या लसणासारखी घाण सुटली आणि गोंड्यांचा गोड वास गपकन मेला. औषध कालवताना माझ्या हिरव्या पोलक्यावर उडालं. दादा वाफ्यांमागून वाफे भिजवत चालला होता आणि माश्या येतच होत्या, कारण बोलावणं आधीच गेलेलं होतं. त्या गोंड्यावर बसायच्या, मग खाली पडायच्या, मातीत गोल गोल फिरायच्या. मला ते बघवेना. शेवटची घागर आणताना माझा पाय घसरला आणि पाणी सांडलं. तोवर औषधही संपलं होतं. विहिरीकडचे चार वाफे तसेच राहिले. "ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. सगळीकडं मेलेल्या माश्या पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं घाईघाईनं मोट जुंपली आणि पाटाचं पाणी वाफ्यांत सोडलं. माश्या गाळाखाली गेल्या. मग त्यानं माझं मनगट धरलं. "तात्याला कळलं तर जीव घील माजा. तोंड उघडलंस तर तुजी शाळा बंद. सायकलीवर न्यायला मीच हाय ना?"

तात्या परत आले ते तिसऱ्या दिवशी, दिवस कलताना. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेले, डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. मग घरी येऊन, ओसरीवर बसून त्यांनी सगळ्यांना समोर बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली. "रान मुकं झालंय. कुनी काय केलं?"

दादा म्हणाला, "मी काय करनार तात्या? पंपाला हात न्हाई लावला."

आणि मग आई बोलली. इतके दिवस तिला निमित्त मिळत नव्हतं, ते तात्यांनी आयतं हातात दिलं. "मी सांगते कुनी केलं. ही रोज वासाचं त्याल लावून हिरीवर केस सोडून बसती. माशीला वासाचं येड. हिच्या डोस्क्याच्या वासानं माश्या चकल्या, रान सोडून गेल्या. वासाच्या बाईनं फुलाच्या रानात जाऊ नये, माज्या सासूबाय सांगायच्या."

अशी काही रीत मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, त्यानंतरही नाही. पण रीत काढायला घरच्या मोठ्या बाईला कितीसा वेळ लागतो?

वहिनीचा चेहरा लाल झाला. तिनं दादाकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. मग ती सरळ माझ्याकडं वळली. "वन्सं, तुम्ही त्या दिवशी रानात होतात. तुम्ही सांगा. ह्यांनी सकाळी फवारा मारला की नाही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तेरा वर्षांची होते, पण तेरा म्हणजे काही अगदी कुकुलं बाळ नव्हे. मला खरं आणि खोटं कळत होतं. मला शाळा हवी होती. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई. मी पाटी घोटत हुते."

वहिनीनं मान खाली घातली नाही. मीच उठून विहिरीवर पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं वहिनीला शिकेकाई आणि राख लावून डोकं धुवायला लावलं, एकदा नव्हे, सात वेळा. पाणी तापवायला चूल पेटवली होती. सरपणाबरोबर आईनं माझं ते हिरवं पोलकंही त्यात कोंबलं. "विटलंय," म्हणाली. घाण धूर निघाला. तेलाची बाटली आईनं उकिरड्यावर रिकामी केली. दुपारी दादा वहिनीला शिंगणापूरच्या फाट्यावर एस.टी.त बसवून आला. "चार दिस माहेरी ऱ्हा म्हनावं," असं आईनं सांगितलं होतं. जाताना ती तात्यांच्या पाया पडली, आईच्या पडली, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अभ्यास करा, वन्सं." त्या वेळी मला हायसं वाटलं होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटलं होतं.

आणि मग ज्या वासानं म्हणे रान नासलं, त्याच रानात वास पसरवायला सगळं घर लागलं. माश्या येईनात म्हणून दादानं गुळाचं पाणी फवारलं. आल्या त्या मुंग्या. डोंगळ्यांवर मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि आई त्यांना हळदीचं बोट दाखवत फिरली. ते जमेना तेव्हा आम्हा बायकांना हातानं काम करायला लावलं. रोज सकाळी रांगेत उभं राहून एका गोंड्यावरून तळवा फिरवायचा, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. हजारो गोंडे. माशीचं काम माणसानं करायचं. तळहात चिकट व्हायचे, घरी कितीही धुतले तरी भाकरीला त्या औषधाची घाण लागायची. मी जेवताना नाक मुरडलं तर आई म्हणायची, "कसला वास? मला तर न्हाई येत."

चैत्र संपता संपता गोंडे खुडले. झोडपले तर निव्वळ फोलपट, वाऱ्यावर उडून जाईल असं. विहिरीकडच्या चार वाफ्यांचे गोंडे मात्र तात्यांनी हातावर चोळले आणि तळहात भरून काळं, टपोरं बी निघालं. वहिनी जिथं रोज केस वाळवायची, तेच वाफे. खळ्यावर आम्ही दोघंच होतो. माझ्याच्यानं राहवलं नाही. "तात्या, तिथं औषध पडलं नव्हतं," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. पंप, घागरी, गाळाखालच्या माश्या, शाळेची धमकी.

मला वाटलं होतं, आता तात्या उठतील, दादाच्या कानफटात लावतील, बैलगाडी जुंपतील आणि वहिनीला घेऊन येतील. त्यांनी डबी काढली, तपकिरीची चिमूट ओढली. "घरात कुनाला बोलू नगस," म्हणाले. "आता तिला आनायचं म्हंजी समद्या गावापुढं आपलीच चूक कबूल करायची. झालं ते झालं." ते चार वाफ्यांचं बी त्यांनी वेगळ्या पिशवीत भरलं आणि पुढच्या सालच्या पेरणीला ठेवलं. आमचं नावाजलेलं बियाणं पुढं त्याच पिशवीतून चाललं. भाचा आज पेट्या मांडून ज्या रानाचे फोटो काढतो, ते त्याच बियाण्याचं रान आहे.

सुनेला न्यायला सासरचं माणूस यावं लागतं, ती आपणहून येत नाही. भिंगारला तिचे वडील वाट बघत राहिले. कोणीही गेलं नाही. वर्षभरानं काडीमोड झाला आणि दादाला दुसरी बायको आणली. ती बिचारी डोक्याला बिनवासाचं गोडेतेल लावायची. माझी शाळा बंद झाली नाही. तात्यांना सगळं कळल्यावरही झाली नाही, म्हणजे त्या धमकीत काही दम नव्हता, हेही मला फुकट कळलं. एका बाईचा संसार देऊन मी जी गोष्ट विकत घेतली, ती मला तशीही मिळणार होती.

शिकले, नगरला नोकरी लागली, घर बांधलं. नगरहून भिंगार किती लांब? रिक्षात बसलं की चहा निवायच्या आत माणूस पोचतं. सारा जन्म मी ते अंतर गेले नाही. वर्गात परागणाचा धडा आला की माझा आवाज चढायचा, मुलं घाबरायची, बाई आज का चिडल्यात म्हणायची. आई गेली, तात्या गेले, दादाही गेला. दरवेळी लोक म्हणाले, देवमाणूस होतं. बिनदाराच्या घरातली माणसं ना!

भाच्याचा फोन ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली. भिंगारच्या जुन्या बाजारामागं विचारत गेले. वहिनी भावाच्या घराला लागून रोपं विकते. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. केस पांढरे, पाठ वाकलेली, काळ्या पिशव्यांत माती भरत बसली होती. मी नाव सांगायच्या आधी म्हणाली, "या, वन्सं." मी बसले नाही. उभ्यानंच सगळं ओकून टाकलं. फवारा सकाळीच मारला होता, पाणी मी वाहिलं, मी खोटं बोलले, चार वाफ्यांत बी भरलं होतं, तात्यांना कळूनही ते आले नाहीत.

तिचे हात थांबले नाहीत. "चार वाफ्यांचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "फवाऱ्याचं तेव्हाच माहीत होतं. तुमच्या पोलक्याला वास होता. दोनदा धुतलं मी ते, गेला नाही."

"मग तू का बोलली नाहीस?" मी तिच्यावरच ओरडले. या वयात, तिच्या दारात उभी राहून!

"बोलले की. सगळ्यांसमोर तुम्हालाच विचारलं." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत क्षमा वगैरे काही नव्हतं, आणि ते बरंच झालं. "मीही रागावले होते तुमच्यावर. पुष्कळ वर्षं."

"आईला जर त्या दिवशी खरं कळलं असतं..." मी म्हणायला लागले.

वहिनीनं हातातली पिशवी खाली ठेवली. "वन्सं, तेव्हा तुम्ही झोपायच्या कुणाजवळ?"

मी आईजवळ झोपायचे. एका गोधडीत, तिच्या कुशीत. फवारा मारला त्या दिवशीही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही, तेच पोलकं अंगात घालून.

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. आईनं चुलीत घातलेलं ते पोलकं विटलेलं नव्हतं. आदल्याच दिवाळीत आईनं ते स्वतःच्या हातानं शिवलं होतं.